अर्धविरामाची चार पानं

वडवणीच्या बाजारपेठेत एक छापखाना होता. तिथं मी सहा वर्षं खिळे सोडायचं काम केलं. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. लग्नपत्रिका किंवा दशक्रियेचं कार्ड छापून झालं की त्यातली अक्षरं रॉकेलनं धुवायची, सुटी करायची आणि लाकडी केसमधल्या ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायची. पुढं जुळवायलाही शिकले. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. बाकी जे काही लिहायला येतं ते त्या केससमोर उभं राहून आलेलं आहे.

माझ्या आधी माझा नवरा तिथं ट्रेडल मशीन चालवायचा. एका लग्नसराईत त्याचा उजवा हात मशीनमध्ये गेला. चार बोटं गेली, अंगठा राहिला. मालकांनी त्याच्या जागी दुसरा माणूस ठेवला आणि घर चालावं म्हणून मला खिळे सोडायला घेतलं. मालक वाईट नव्हते. सकाळी कपाळाला विभूती लावून टेबलाशी बसायचे आणि मला कधी अरेतुरे केलं नाही. त्यांचे उपकार आहेत हे मला रोज आठवायचं. पुढं जे झालं त्यात ही आठवणसुद्धा आडवी आली.

मला बोलता येत नाही. मुकी नाही मी. पण समोर दोनापेक्षा जास्त माणसं असली की शब्द घशाशी येतो आणि तिथंच बसतो. माहेरी म्हणायचे, हिच्या तोंडात मूग. सासरी म्हणायचे, बरं आहे, उलटून बोलत नाही. छापखान्यात याचा त्रास नव्हता. खिळ्यांशी बोलावं लागत नाही.

तिथं प्रुफं तपासायला एक निवृत्त गुरुजी यायचे. मारुतीच्या देवळामागं त्यांचं घर होतं. साखरेच्या आजारानं त्यांची नजर जात चालली होती आणि हे त्यांनी मालकांपासून वर्षभर लपवलं. मला कळलं, कारण एक दिवस ते मला म्हणाले, "पोरी, तू मूळ कागद वाच, मी प्रुफावर बघतो." मी वाचत होते आणि त्यांची पेन्सिल प्रुफाच्या कोऱ्या कडेवरून फिरत होती. तिथं काहीच छापलेलं नव्हतं. मी थांबले. तेही थांबले. मग हळूच म्हणाले, "कळलं ना तुला? मग आता दोन्ही कागद तूच वाच. आणि कुणाला सांगू नकोस."

न सांगणं मला सोपं होतं.

प्रूफ वाचताना चिन्हंसुद्धा मोठ्यानं म्हणावी लागतात. "आपले आगमन प्रार्थनीय आहे पूर्णविराम." पहिल्या दिवशी माझा आवाज मलाच ऐकू येईना. गुरुजी म्हणाले, "पोरी, खिळे बहिरे हायेत, मी न्हाई. जरा मोठ्यानं." मशीनवरचा माणूस हसला. मी लाजून मेले, पण दुसऱ्या दिवशी आवाज थोडा वर गेला. घरी भाकरी थापताना तोंडात तेच घोळायचं. नवरा ओट्यावर बसून ऐकायचा. "काय गं," म्हणायचा, "आता भाकरीलाबी पूर्णविराम देतीस का? लई शहाणी झालीस." त्याच्या बोलण्यात हसू असायचं, पण ते फार वर येत नसे. मशीन त्याचं होतं आणि आता तिथं मी जात होते.

गुरुजींच्या मनात एक पुस्तक होतं. खेड्यातल्या मुलांसाठी विरामचिन्हांचं छोटं पुस्तक, अठ्ठेचाळीस पानांचं. शाळेच्या पुस्तकात हा विषय एका पानात उरकतात आणि मुलं जन्मभर दम लागेपर्यंत एक वाक्य लिहीत राहतात, असं ते म्हणायचे. लिहिलेलं काही नव्हतं, सगळं डोक्यात होतं. मालक म्हणाले, कागद तुम्ही आणा, आम्ही सवडीनं छापून देऊ. गुरुजींनी कागद आणला. नजर आहे तोवर पुस्तक हातात यावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. अजून उन्हात धरलं तर मोठ्या अक्षरातलं नाव त्यांना दिसायचं.

दुपारी छापखान्यात माणसं जेवायला गेली की ते सांगायचे आणि मी बिघडलेल्या पत्रिकांच्या पाठीवर लिहायची. असे चार महिने गेले. माझ्या आयुष्यातले ते चांगले महिने होते.

त्यांचा सगळ्यात लाडका धडा अर्धविरामाचा. "स्वल्पविराम सगळेच वापरतात," ते म्हणायचे, "पूर्णविराम तर बैलालाबी कळतो. ह्याला कुणी विचारीत न्हाई." मला तो नीट यावा म्हणून त्यांनी आठ दिवस घेतले. मी आधी कुठंही टाकायची. ते वैतागायचे. "अगं, हे मीठ न्हाई चिमूटभर सगळीकडं टाकायला. दोन्ही बाजूंना पुरं वाक्य पाहिजे. आधी सांग, हे वाक्य एकटं उभं राहतंय का?" मी मान हलवायची. "मान दिसत न्हाई मला." मग मी म्हणायची, राहतंय. "दुसरं?" राहतंय. "मग मधे 'आणि' हाय का?" नाही. "दोघांचं एकमेकांवाचून भागतंय का?" मी विचार करून म्हणायची, भागतं, पण अर्थ राहत नाही. "हां. आता टाक."

त्या धड्यात अर्धविरामाचे तीन उपयोग होते आणि प्रत्येकाला भरपूर उदाहरणं. वर्गात चाळीस वर्षं शिकवताना जमवलेली. विहीर भरली होती. पोहरा फुटका होता. अशी. मला ती ऐकताना शाळेत परत गेल्यासारखं वाटायचं, आणि चौथीत शाळा सुटल्याचं दुःख पहिल्यांदा तिथं झालं.

जुळवायला घेतलं तेव्हा अडचण लक्षात आली. आमच्या केसमध्ये अर्धविरामाचे खिळे सतरा होते. पत्रिकेला ते कधी लागतच नाहीत, म्हणून कधी जास्त आणलेच नव्हते. या धड्याच्या एकेका पानाला तीस-पस्तीस लागत होते. छापखान्यात खिळा कमी पडला की एक रीत असते: त्या जागी दुसरा कुठलाही खिळा उलटा बसवायचा. त्याचं बूड वर येतं आणि प्रुफावर काळा चौकोन उमटतो. नवे खिळे आले की बदलून टाकायचे. मी चारही पानं तशी जुळवली. प्रूफ काढलं तर ज्वारीच्या कणसावर काणी पडावी तसे काळे ठिपके सगळ्या पानावर. मी गुरुजींना वाचून दाखवलं आणि प्रत्येक काळ्या चौकोनापाशी अर्धविराम म्हणाले. त्यांना काळं काही दिसलं नाही. ते खूश होते.

मशीनवरचा माणूस म्हणाला, "गुरुजी, पूर्णविराम ठोका की त्या जागी. कोण बघतंय?"

"मग धडा कशाचा रे, तुझ्या कपाळाचा?" गुरुजी म्हणाले.

मालकांनी पुण्याला खिळे ओतणाऱ्या कारखान्याला पत्र घातलं. महिन्यानं उत्तर आलं की इतका किरकोळ माल आता काढत नाही. दुसऱ्या पत्राला उत्तरच आलं नाही. तोवर बाकीची चव्वेचाळीस पानं छापून झाली, त्यांचे खिळे सुटून खणांत गेले. अर्धविरामाची चार पानं मात्र सुतळीनं बांधून गॅलीवर, म्हणजे एका पत्र्याच्या लांब तबकात, ठेवली आणि गॅली टेबलाखाली सरकवली.

आता मी केलेली गोष्ट. प्रूफ तपासून झालं की ते आणि मूळ कागद मशीनजवळच्या खोक्यात टाकायचे, ही रीतच होती. त्या कागदांनी शाईचे हात पुसायचे. अक्षरं शिशात उभी राहिली की कागदाचं काम संपलं, असं आम्हाला सगळ्यांनाच वाटायचं. त्या चार पानांचे कागद मीच माझ्या हातानं खोक्यात टाकले. विचारसुद्धा केला नाही. दोन दिवसांत ते काळे झाले आणि चुलीत गेले. त्यानंतर तो धडा जगात एकाच ठिकाणी होता, टेबलाखाली.

त्याच सुमाराला सगळं बदलायला लागलं होतं. पेठेत काचेच्या डब्यासारखी टेलिफोनची केबिन आली. लोक पत्रिकेवर रंगीत गणपती मागायला लागले आणि बीडहून छापून आणायला लागले. मालकांनी हिशेब केला असेल. एक दिवस कॉम्प्युटर आला. त्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला. त्याच्यावर लग्नपत्रिका अर्ध्या तासात तयार व्हायची. मालक मला म्हणाले, "बाई, तुम्ही घाबरू नका. घड्या घालायला, पाकिटं भरायला माणूस लागंलच." गुरुजींना ते काही म्हणाले नाहीत. गुरुजींना आता वाटही दिसत नव्हती, त्यांनी येणं सोडलं होतं. कधीतरी सुनेबरोबर निरोप यायचा: अर्धविराम आले का?

आले नव्हते.

एका बाजाराच्या दिवशी मालकांनी भंगारवाल्याला बोलावलं. तो दोन हमाल आणि पोती घेऊन आला. केस एकेक करून पोत्यात उपड्या केल्या. क, ख, वेलांट्या, रफार, सगळं एकत्र पडलं. पावसाळ्यात पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. सहा वर्षं मी ज्यांना वेगळं करत होते ते सगळं एका पोत्यात गेलं. मी भिंतीला टेकून उभी होते. बाजाराचा दिवस असल्यानं दारात माणसं बघायला थांबली होती. मशीनवरचा माणूस, मालकांचे पाव्हणे, हमाल, सगळे पुरुष.

भंगारवाला खाली वाकला. "मालक, इथं टेबलाखाली पण हाय की माल. बांधून ठेवलाय. लपवून ठेवलाय का काय?"

"अरे घे, घे. जुनं असंल काहीतरी."

मी पुढं झाले. गॅलीच्या आणि त्याच्या मधे उभी राहिले. इतकं मी केलं. माझा हात त्या सुतळीवर होता. मनात वाक्य पूर्ण तयार होतं: हे गुरुजींच्या पुस्तकातलं आहे, अजून छापायचं आहे. सात शब्द. सगळे माझ्याकडं बघत होते.

हमाल म्हणाला, "वैनी, सरका जरा. पायावर पडंल."

मी सरकले.

त्यानं विळ्यानं सुतळी कापली आणि गॅली पोत्यावर तिरपी केली. चार पानं ओळीओळीनं खाली गेली. मी पाणी प्यायला माठाकडं गेले आणि माझ्या तोंडावर पदर घेतला. कुणाला वाटलं असेल धूळ उडतेय.

पंधरा दिवसांनी मालकांना गुरुजींच्या पुस्तकाची आठवण झाली. छापलेली पानं गठ्ठ्यांत पडून होती. "म्हाताऱ्याचं पुस्तक देऊन टाकू बांधून," ते म्हणाले. "कव्हर कॉम्प्युटरवर करू, रंगीत. सगळी पानं झालीत ना हो बाई?"

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. त्या वेळी खोलीत मालक एकटेच होते. पण नाही म्हटलं तर ते विचारणार, कधीपासून नाही? आणि त्या दिवशी मी तिथंच उभी होते हे त्यांना आठवणार. मी हो म्हणून मान हलवली. पुस्तक बांधलं गेलं. विसाव्या पानावर स्वल्पविराम संपत होता आणि शेजारी पंचविसावं पान सुरू होत होतं.

पहिल्या दहा प्रती देऊन मालकांनी मलाच गुरुजींच्या घरी पाठवलं. सुनेनं मला बसायला पोतं टाकलं. गुरुजी बाजेवर बसले होते. अंगानं वाळले होते. पुस्तक त्यांनी आधी नाकाशी धरलं, मग दोन्ही तळव्यांत दाबलं. सुनेनं विचारलं, "मामा, उन्हात धरता का?" ते म्हणाले, "आता ऊनबी दिसत न्हाई, बाई. पोरगी वाचंल." मग माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "अर्धविराम काढ."

मी पुस्तक उघडलं. समोर प्रश्नचिन्हाचा धडा होता. मी त्यावर बोट ठेवलं आणि अर्धविरामाचा धडा म्हणायला लागले.

मला तो पाठ होता. लिहिला होता, जुळवला होता, वाचला होता. पहिला उपयोग मी न चुकता म्हटला. विहीर भरली होती अर्धविराम पोहरा फुटका होता पूर्णविराम. गुरुजी ओठ हलवत होते, माझ्याबरोबरच. दुसरा उपयोगही झाला. मधे पान उलटायला हवं म्हणून मी पान उलटलं, त्याचा आवाज व्हावा म्हणून जरा जोरात. सून दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "अगं बया, किती सुंदर वाचती." तिला वाचता येत नव्हतं.

मग तिसरा उपयोग आला आणि मला तो आठवेना. शीर्षक आठवलं, पुढचं गेलं. गुरुजींचे ओठ थांबले, ते वाट बघत होते. मला काहीतरी म्हणायचंच होतं. मी पहिलाच उपयोग वेगळ्या शब्दांत म्हटला आणि उदाहरण पाहिजे म्हणून जे तोंडात आलं ते बोलले. "मशीन थांबलं अर्धविराम हात आतच होता पूर्णविराम."



"हे वाक्य माझं न्हाई," गुरुजी म्हणाले.

सून आत निघून गेली. गुरुजींनी हात पुढं केला आणि मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठ्यानं पानं मोजली. एकेक, थुंकी लावून. दोन्ही बाजू धरून चव्वेचाळीसला अंगठा थांबला.

"कुठं हाय धडा?"

मी सगळं सांगितलं. एकट्या माणसासमोर मला बोलता येतं. कागद खोक्यात कसे टाकले, गॅली, सुतळी, हमाल काय म्हणाला ते सगळं. ते मधे एकदाच बोलले. "तू तिथं होतीस?"

"होते."

"आणि तुला माहीत होतं, त्यात काय हाय ते."

"होय, गुरुजी."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी म्हणाले, तुम्ही सांगा, मी परत लिहून घेते, मी कॉम्प्युटरवाल्याला देते. ते काही वेळ आठवत राहिले. दोन वाक्यं म्हणाले. तिसऱ्याशी अडकले. "न्हाई," म्हणाले. "आता माझ्याकडं न्हाई ते. तुझ्याजवळ दिलं होतं." मग थोड्या वेळानं, "बाकीची पुस्तकं कुठं हायेत?"

मी सांगितलं, छापखान्यात गठ्ठे बांधलेत. परवाच्या दिवशी मालक शाळाशाळांत पाठवणार आहेत.

"त्यांना सांग, पाठवू नका. माझं नाव हाय त्यावर. चाळीस वर्षं पोरांना सांगितलं, मधलं टाकून पुढं जाऊ नका. ती पोरं आता मास्तर हायेत, तीच उघडतील." त्यांचा आवाज चढला नाही. "मला चालवत न्हाई. सुनेला ते दाद देणार न्हाईत. तू सांग. एवढं एक वाक्य बोल."

बोलते, म्हणाले मी. त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय मागं घेतला नाही आणि आशीर्वादही दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी घड्या घालत बसले. मालक आत कॉम्प्युटरपाशी होते, त्यांच्याजवळ पत्रिका करायला आलेली वऱ्हाडी माणसं होती. ती गेली की बोलू, असं ठरवलं. ती गेली तर दुसरी आली. दुपारी मालक एकटे जेवले. डबा उघडून, पाठ माझ्याकडं करून. मी उठून दारापर्यंत गेले. जेवताना कशाला, असं मनात आलं आणि परत येऊन बसले. संध्याकाळी ते म्हणाले, "बाई, काय हो, तोंड का उतरलंय?" मी म्हणाले, डोकं दुखतंय. त्यांनी गोळी दिली. ती मी घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींची सून आली. उन्हाची चालत आली होती, पायऱ्यांशी थांबली. हळूच म्हणाली, "मामांनी विचारलंय, निरोप दिला का? रात्रभर झोपले न्हाईत."

मी म्हणाले, "मालक बीडला गेलेत. आल्यावर सांगते."

नेमकं तेव्हाच आतून मालकांचा आवाज आला. ते फोनवर कुणाशी तरी मोठ्यानं हसत होते. सुनेनं तो ऐकला. तिनं आत पाहिलं नाही, माझ्याकडंच पाहिलं. "बरं," म्हणाली आणि गेली. नंतर त्या घरातून निरोप आला नाही.

गठ्ठे दुपारच्या एसटीनं गेले. टपावर चढवायला खालून मीच हात लावला.